कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’ लावून चालवलं तर नक्की काय झिजतं?

आंबोलीवाट · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाडी माझ्या मेहुण्यांची आहे, पण प्रश्न अनेकांचा असणार म्हणून वेगळा धागा काढतोय.

मेहुण्यांनी वापरलेली थार घेतली. २०२१ची, डिझेल, मॅन्युअल गिअर. विकणाऱ्याने किल्ली हातात देताना सांगितलं की घाटात फोर हाय (चारही चाकांना ताकद देणारी जोडणी) टाकत जा, गाडी रस्ता सोडत नाही. तेव्हापासून सावंतवाडी-बेळगाव ये-जा करताना आंबोलीचा अख्खा घाट ते फोर हायमध्ये चढतात आणि उतरतात. आणि हे पावसात नाही, मार्च-एप्रिलच्या कडकडीत उन्हात.

परवा मी शेजारी बसलो होतो. तीव्र वळण आलं की स्टिअरिंग जड व्हायचं. वरच्या सपाटीवर एके ठिकाणी यू-टर्न घेताना गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडली, पुढच्या टायरचा चर्र आवाज आला आणि खालून ‘टक्’ झालं. त्यानंतर लिव्हर टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) येईचना. बरीच ओढाताण केल्यावर आला, तोही मोठा आवाज करून.

मेहुण्यांचं म्हणणं, कंपनीने चारही चाकांना ताकद दिली ती वापरायलाच ना? मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं: हे असं होणं साहजिक आहे का, आतापर्यंत काय बिघडलं असेल, आणि गॅरेजमध्ये काय काय बघायला सांगू?

देशावरचा · सोमवार, रात्री ९:४०

माझ्याकडे डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह आहे. सोलापूर-पुणे हायवेवर वर्षानुवर्षं पळवतोय, असलं काही झालं नाही. गाडीतच काहीतरी दोष असेल. आधी स्टिअरिंग तपासा.

पाना१२_१३ · सोमवार, रात्री १०:२५

आंबोलीवाट, गाडीत दोष नाही. सांगताय ती सगळी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. गॅरेजात मी हे बरंच पाहिलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक एक्सलमधलं डिफरन्शियल सांभाळतं. पण पुढच्या एक्सलचं आणि मागच्या एक्सलचं अंतरही सारखं नसतं. पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात, मागची आतून कापत येतात. हा फरक सांभाळायला मधोमध तिसरं डिफरन्शियल लागतं. थार, जिम्नी, गुरखा यांच्यासारख्या ‘पार्ट-टाइम’ फोर बाय फोर गाड्यांत ते नसतं. फोर हाय टाकली की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ती ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट जोडून टाकते. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे, दुसरा मार्गच नाही.

आकड्यांत सांगतो. थ्री-डोअर थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २४५० मिमी. यू-टर्न घेताना मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येवर फिरतोय असं धरा. पायथागोरस लावला तर पुढच्या एक्सलची त्रिज्या येते साधारण ५.५७ मीटर. अर्ध्या वर्तुळात मागची चाकं १५.७ मीटर जातात, पुढच्यांना जावं लागतं १७.५. जवळजवळ पावणेदोन मीटरचा फरक, म्हणजे १८ इंची रिमच्या त्या टायरचा पाऊण फेरा. हा पाऊण फेरा जाणार कुठे? चिखलात, मुरमात किंवा वाळूत टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो, कुणाला कळतही नाही. कोरडं डांबर टायरला घसरू देत नाही. मग शाफ्ट पिळले जातात, गिअरच्या दातांमधली आणि क्रॉसमधली (शाफ्टचा फिरता सांधा) सगळी ढील संपते आणि शेवटी कुठलं तरी एक टायर नाइलाजाने सुटतं. चर्र आणि टक् ऐकलंत ते हेच.

लिव्हर अडकला तोही याच पिळामुळे. आतली सरकणारी स्लीव्ह दातांवर इतकी दाबली गेलेली असते की हाताच्या जोराने सुटत नाही. ओढाताण केली की सिलेक्टर फोर्क (ती स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकतो. मेहुण्यांना ते आधी थांबवायला सांगा.

देशावरचा, तुमच्या गाडीची रचना मुळातच वेगळी आहे. तिथे मागच्या एक्सलच्या तोंडाशी क्लच-प्लेटचं कपलिंग असतं आणि ते कॉम्प्युटर गरजेपुरतंच दाबतो. कोरड्या रस्त्यावर तुमची गाडी बहुतेक वेळ पुढच्याच चाकांवर चालते. त्यामुळे तुमच्या अनुभवावरून थारबद्दल काही ठरवता येणार नाही.

आंबोलीवाट · सोमवार, रात्री १०:५०

पानाकाका, खूप आभार. एक शंका. घाटात डावी वळणं असतात तशी उजवीही असतात. डाव्या वळणात बसलेला पीळ उजव्या वळणात उलगडत नाही का? मेहुणे हाच मुद्दा मांडतायत.

पाना१२_१३ · सोमवार, रात्री ११:०५

नाही उलगडत. गाडी डावीकडे वळो की उजवीकडे, पुढे जाताना लांबचा फेरा पुढच्या एक्सललाच पडतो. त्यामुळे दोन्ही वळणांत पीळ एकाच दिशेने चढतो. तो उलट्या दिशेने फिरतो फक्त रिव्हर्समध्ये. म्हणून लिव्हर अडकला की गाडी थोडी मागे घ्यायला सांगतात. रिव्हर्स टाकायचा, स्टिअरिंग सरळ ठेवून किंवा किंचित वळवून चार-पाच मीटर हळू मागे यायचं, क्लच दाबायचा आणि हलक्या हाताने लिव्हर काढायचा. बहुतेक वेळा आवाजसुद्धा न करता सुटतो. नाहीच सुटला तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या खडीवर किंवा मातीवर घ्यायची आणि पुन्हा तेच करायचं.

सरळदांडी · मंगळवार, सकाळी ८:१५

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पानाकाकांच्या म्हणण्याला थोडी आकडेमोड जोडतो, कारण लोकांना वाटतं की इंजिनावर जोर नसताना, म्हणजे ॲक्सिलरेटर हलका असताना, काही तुटत नसणार. ते चुकीचं आहे.

पिळाचा इंजिनाच्या ताकदीशी संबंध नाही. तो किती चढू शकतो हे फक्त टायरच्या पकडीवर ठरतं. पुढच्या एक्सलवर ९०० किलो भार धरा, कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरा, टायरची त्रिज्या ३९ सेंटिमीटर. टायर सुटेपर्यंत एक्सलवर २७०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क साठू शकतो. क्राउन-पिनियनचं (शाफ्ट आणि एक्सल यांच्यामधली गिअरजोडी) गुणोत्तर ढोबळमानाने ४ धरलं, तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टवर सुमारे ६८०. या डिझेल इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क ३०० आहे. म्हणजे तुम्ही आरामात, एका हाताने स्टिअरिंग फिरवत यू-टर्न घेताय आणि तेवढ्यात पुढचा शाफ्ट इंजिनाच्या दुपटीहून जास्त भार सोसतोय. आता चिखलासाठी घर्षणांक ०.३ धरा. तोच आकडा २६०वर येतो. एवढाच काय तो चिखलात आणि डांबरात फरक, पण शाफ्टच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

दिशाही लक्षात घ्या. वळणात पुढच्या चाकांना जास्त वेगाने फिरायचं असतं, शाफ्ट त्यांना अडवतो. म्हणजे पुढची चाकं ब्रेक लागल्यासारखी मागे खेचली जातात आणि मागची पुढे ढकलली जातात. इंजिनाची ताकद स्वतःच्याच दोन एक्सलना एकमेकांविरुद्ध झुंजवण्यात जाते.

घाटकरीण · मंगळवार, सकाळी ११:३०

मला इथे थोडा विरोध नोंदवायचाय. मी पुण्याहून माणगावला कामासाठी ताम्हिणीतून जाते, वर्षभर. जुलैमध्ये तिथे ढग रस्त्यावर उतरलेले असतात, डांबरावरून पाणी वाहत असतं, डोंगरातून माती वाहून आलेली असते. अशा वेळी मी फोर हाय लावते आणि मला गाडी जास्त ताब्यात वाटते. तुमचं सगळं वाचून कुणी पावसातही फोर हाय टाळू लागलं तर तेही बरोबर नाही. जीव आधी, गिअर नंतर.

पाना१२_१३ · मंगळवार, दुपारी २:१०

ताई, जीव आधी यात वादच नाही. पण ओला रस्ता म्हणजे एकच गोष्ट नाही.

दरडीची माती आलेली, पालापाचोळा सडून बुळबुळीत झालेला, शेवाळ धरलेला, पाण्याखाली रस्ता दिसत नाही असा पट्टा असेल तर फोर हाय लावा, त्यासाठीच आहे. पण नुसतं पावसाने धुतलेलं स्वच्छ डांबर घसरडं वाटलं तरी टायरला बऱ्यापैकी पकड देतं. तिथल्या हेअरपिनवर (जवळजवळ उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणावर) पीळ बसतोच, फक्त थोडा कमी.

आणि सुरक्षिततेचाच विचार केला तर आणखी दोन गोष्टी. फोर बाय फोरने ब्रेकिंग सुधारत नाही. ताम्हिणीच्या उतारावर गाडी थांबवायची ती चार ब्रेक, टायर आणि तुमच्या वेगावर. दुसरं, पुढचे-मागचे शाफ्ट बांधलेले असले की हेअरपिनमध्ये गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला सरकू पाहतं. ओल्या उतारावर, बाहेरच्या बाजूला दरी असताना, हे नको. तुम्हाला गाडी जास्त ताब्यात वाटते ती चढावर आणि सरळ पट्ट्यात, आणि तिथलं वाटणं खरं आहे.

घाटकरीण · मंगळवार, दुपारी ३:०५

उताराचा मुद्दा मान्य. मी आतापर्यंत चढ-उतार दोन्हीकडे सारखंच करत होते. पण मग प्रत्येक वळणाआधी काढायची आणि वळणानंतर टाकायची, हे घाटात शक्य आहे का? हात स्टिअरिंगवर हवेत की लिव्हरवर?

पाना१२_१३ · मंगळवार, दुपारी ३:४०

वळणागणिक नाही करायचं. पट्टा बघून ठरवायचं. पुढचे दोन-तीन किलोमीटर रस्ता चिखलाचा असेल तर फोर हाय लावून तो पूर्ण पट्टा काढा, मधे एखादं डांबरी वळण आलं तर रुंद फेऱ्याने, हळू घ्या. पट्टा संपला की काढा. टू हायमधून फोर हाय चालत्या गाडीत टाकता येते, फक्त चाकं सरळ हवीत आणि मागची चाकं जागेवर फिरत असताना टाकायची नाही. वेगाची मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघावी, जिम्नीच्या पुस्तिकेत ती १०० किमी आहे.

वळणाच्या त्रिज्येनेही मोठा फरक पडतो. मघाचंच गणित १० मीटर त्रिज्येच्या हेअरपिनला लावलं तर फरक ३ टक्क्यांवर येतो, ३० मीटरच्या ऐसपैस वळणाला पाव-अर्ध्या टक्क्यावर. म्हणून हायवेवरच्या लांब वळणांत काही जाणवत नाही आणि पार्किंगमध्ये गाडी उड्या मारते.

टायरवाला_सांगली · मंगळवार, संध्याकाळी ६:५५

सगळे वळणाबद्दलच बोलताय. सरळ रस्त्यावरही पीळ बसतो, आणि त्याचं कारण आमच्या दुकानात येतं.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं दोनच टायर बदला, पैसे आत्ता कमी आहेत. नव्या टायरची नक्षी ८ मिमी, जुन्याची ३ मिमी उरलेली. त्रिज्येत ५ मिमीचा फरक, म्हणजे ढोबळ सव्वा टक्का. किलोमीटरभर सरळ गेलात तरी पुढच्या-मागच्या चाकांच्या हिशेबात बारा-तेरा मीटरची तफावत. तुमच्या त्या यू-टर्नपेक्षा कितीतरी जास्त. टू हायमध्ये याने काही बिघडत नाही. फोर हायमध्ये मात्र सरळसोट हायवेवरही सगळं ताणलेलं राहतं.

आंबोलीवाट, मेहुण्यांच्या गाडीची चारही टायर एकाच मापाची, एकाच कंपनीची आणि सारखी झिजलेली आहेत का, हे आधी बघा. जुन्या गाडीत विकणारे अनेकदा दोन चांगले टायर पुढे लावून देतात. हवेचा दाबही बघा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने फिरवताना नक्षीच्या कडा बोचतात का? बोचत असतील तर टायर रस्त्यावर आडवं घासलं गेलंय. अलाइनमेंट बिघडली तरी असं होतं, म्हणून दोन्ही तपासून घ्या.

जुनीजीप · मंगळवार, रात्री ९:२०

आमच्याकडे वडिलांच्या वेळची एमएम ५४० आहे. त्या काळच्या ड्रायव्हरना हे कुणी शिकवावं लागत नसे, कारण गाडीच तसं करू देत नव्हती. पुढच्या चाकांच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, हाताने फिरवायचं लॉक; ते लावल्याशिवाय चाक एक्सलला जोडलं जात नसे. चिखल आला की खाली उतरा, वाकून दोन्ही हब फिरवा, मग वर येऊन लिव्हर टाका. एवढा खटाटोप कोरड्या रस्त्यासाठी कोण करणार? आता सीटवर बसल्या बसल्या टाकता येते, म्हणून लोक घाटात टाकून बसतात.

हबबद्दल एक गैरसमज सतत ऐकू येतो तोही सांगतो. हब लॉक केलेत पण लिव्हर टू हायमध्ये आहे, तर पीळ बसत नाही. पुढचा शाफ्ट नुसता फुकट फिरत राहतो, कारण ट्रान्सफर केसमध्ये तो मागच्या शाफ्टशी जोडलेलाच नसतो. थोडं डिझेल जास्त जाईल, बाकी काही नाही. त्यामुळे दिवसभर चिखल-डांबर-चिखल असा रस्ता असेल तर हब लॉकच ठेवायचे आणि फक्त लिव्हरने खेळायचं. जिप्सीवाल्यांनाही हे लागू.

बावधनकर · बुधवार, सकाळी ९:४५

आमच्या सोसायटीत दोन बेसमेंट आहेत आणि वर यायचा रॅम्प खडा चढाचा, वर वळणाचा. एक शेजारी रोज सकाळी फोर लो (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त) टाकून वर येतात, क्लच वाचतो म्हणतात. वळणावर टायर इतके किंचाळतात की लिफ्टपर्यंत ऐकू येतं. हा धागा त्यांना पाठवला. फोर लोने क्लच वाचतो, हे तरी खरं ना?

पाना१२_१३ · बुधवार, सकाळी १०:३०

क्लच वाचतो, हे खरं. फोर लोमध्ये गाडी रांगते, क्लच अर्धवट दाबून धरावा लागत नाही. पण त्या रॅम्पवर बाकीचं सगळं पणाला लागतं. गुळगुळीत काँक्रीट, वळण अगदी लहान त्रिज्येचं आणि फोर लोमुळे दोन-अडीच पट वाढलेला टॉर्क. पार्ट-टाइम गाडीला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. खड्या रॅम्पसाठी पहिला गिअर, हँडब्रेक आणि थोडा सराव पुरतो. शेजाऱ्यांची गाडी हिल होल्डवाली (चढावर गाडी मागे घसरू न देणारी) असेल तर तेही लागत नाही.

मिशिगनचा_मराठी · बुधवार, रात्री ८:००

इकडे हिवाळ्यात हा प्रश्न रोजचा असतो. घरासमोर बर्फ, मुख्य रस्ता मीठ टाकून साफ केलेला आणि कोरडा, दुकानाच्या पार्किंगमध्ये पुन्हा बर्फ. म्हणून इथल्या बऱ्याच पिकअपमध्ये टू हाय आणि फोर हायच्या मधे ‘फोर ऑटो’ असतं. त्यात पुढचा शाफ्ट घट्ट न जोडता ट्रान्सफर केसमधल्या क्लचने लागेल तेवढाच जोडतात. कोरड्यावर क्लच सरकतो, त्यामुळे पीळ बसत नाही. ज्या गाडीच्या डायलवर ‘ऑटो’ नाही, ती साधी पार्ट-टाइम समजायची आणि कोरड्या रस्त्यावर टू हायमध्येच चालवायची. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मार्चमध्ये बर्फ वितळला की फोर हाय काढायचं विसरलेले ट्रक लगेच ओळखू येतात. जागेत शिरताना उडी मारतात.

लेहवारी · बुधवार, रात्री १०:१५

एक धोक्याची गोष्ट लिहून ठेवतो, कारण पीळ सोडवायला लोक कुठलेही उपाय सांगतात. त्यातला एक म्हणजे एक चाक जॅकवर उचलायचं. जमिनीवरून सुटलं की पीळ निघतो, हे बरोबर. पण तो निघतो तो झटक्यात. चाक क्षणार्धात गरकन फिरतं, आणि त्याच वेळी जॅकवरची गाडी हलते. सरचूच्या अलीकडे एकाला हे करताना पाहिलं, तो चाकाशेजारी बसलेला होता. हात थोडक्यात वाचला. रस्त्यात हे कधीही करू नका. रिव्हर्स, खडी, सावकाशी, एवढंच. तिकडे पट्ट्यापट्ट्याने बर्फ आणि कोरडं डांबर येतं, आमच्या ताफ्यात पुढचा वॉकी-टॉकीवर सांगायचा, “कोरडं लागलं, टू हाय.”

देशावरचा · गुरुवार, सकाळी ७:३०

माझ्या पहिल्या पोस्टबद्दल पानाकाकांनी सांगितलं ते समजलं. मग माझ्या गाडीत ‘लॉक’ची खूण असलेलं बटण आहे, ते कोरड्यावर दाबलं तर?

सरळदांडी · गुरुवार, सकाळी ८:०५

लॉकमध्ये कपलिंग दाबून धरलं जातं, म्हणजे तुमची गाडीही थोडीफार थारसारखी वागू लागते. ठरावीक वेगापुढे ती आपोआप लॉक सोडते, पण पार्किंगमध्ये लॉक ठेवून गोल-गोल फिरलात तर क्लच-प्लेट तापतात. टायरवाल्यांनी सांगितलेलं सगळ्यात जास्त लागू आहे तुम्हालाच. पुढचे-मागचे टायर वेगळे झिजलेले असतील तर कॉम्प्युटरला चाक घसरतंय असा भास होऊ शकतो आणि कपलिंग उगीच काम करत राहतं.

आंबोलीवाट · शनिवार, संध्याकाळी ५:२०

गॅरेजमधून आलो, इथे सांगितलेलं एकेक तपासून घेतलं.

टायर: मागचे दोन बऱ्यापैकी नवे, पुढचे दोन जुने. टायरवाले, तुमचा संशय खरा निघाला, फक्त पुढचं-मागचं उलट. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा तळहाताला स्पष्ट बोचतात.

ट्रान्सफर केसचं तेल काढलं. मिस्त्रींनी ते पांढऱ्या ताटलीत उन्हात धरलं. तेल करडं झालंय आणि ताटली तिरकी केली की चंदेरी झाक फिरते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ काळा थर होता, बोटांत चोळल्यावर खर लागली नाही. तुकडे किंवा दाताचे कपचे मिळाले नाहीत. मिस्त्री म्हणाले, हे थोडक्यात वाचलंय. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा एक क्रॉस मात्र गेला. शाफ्ट हाताने फिरवला की टोपीत खेळ जाणवतो आणि टोपीच्या कडेला लालसर भुकटी साचली होती. क्रॉस बदलला. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल पुस्तिकेतल्या ग्रेडचं भरलं. चार टायर सारखे घ्यायचं ठरलंय.

मेहुणे सोबत होते. ताटलीतलं तेल त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग पुस्तिका उघडून फोर हायचं पान स्वतः वाचलं. कोरड्या, टणक रस्त्यावर वापरू नये असं त्यात ठळक अक्षरांत आहे. त्यांनी फोनवर विकणाऱ्यालाही सांगितलं, पुढच्या गिऱ्हाइकाला तरी असं सांगू नका.

आता त्यांना उलटी भीती बसलीय. म्हणतात, फोर हायला हातच लावत नाही. तसंही चालेल का?

पाना१२_१३ · शनिवार, संध्याकाळी ६:४५

लाल भुकटी म्हणजे क्रॉसच्या सुया कोरड्या पडून गंजल्या. तो मरणारच होता, पिळाने लवकर मारला. ग्रीसचं निप्पल असेल तर प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस मारून घ्या. नवीन तेल दोन-तीन हजार किलोमीटरनंतर एकदा काढून बघा. चुंबकावरचा थर पातळ झाला असेल तर निर्धास्त राहा. खर लागली किंवा चालताना साखळीसारखा खरखर आवाज आला, तर केस उघडावी लागेल. अनेक ट्रान्सफर केसमध्ये पुढचा शाफ्ट साखळीनेच फिरतो आणि ती ताणली की दात सोडते.

अजिबात न वापरणंही बरं नाही. पुढच्या बाजूचे सील वाळतात, तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही, शिफ्टरची जोडणी गंजते. काही कंपन्या पुस्तिकेत महिन्यातून १६ किलोमीटर फोर व्हील चालवायला सांगतात. मेहुण्यांना म्हणावं, महिन्यातून एकदा कुठल्या तरी मुरमाड किंवा मातीच्या रस्त्यावर घ्या, सरळ चालवा आणि डांबराला लागायच्या आधी काढा. तुमच्याकडे जांभ्याचे कच्चे रस्ते हवे तेवढे आहेत.

घाटकरीण · शनिवार, रात्री ८:३०

फक्त किनाऱ्यावर नको. वाळू फोर हायला योग्य असली तरी वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी उतरवायला बंदीही आहे.

आंबोलीवाट · शनिवार, रात्री ९:००

नाही, किनाऱ्यावर नाही नेणार. आमच्या काजूच्या बागेकडे जाणारा दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, तोच धरतो. नवे टायर लागले की मापं इथे टाकतो, टायरवाल्यांनी एकदा बघून घ्यावीत.

टायरवाला_सांगली · शनिवार, रात्री ९:२५

टाका. टायर घेताना साइडवॉलवरचा उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा चार अंकी आकडाही चारही टायरचा बघून घ्या, जवळपासचा हवा. आणि स्टेपनी विसरू नका. तिचं मापही तेच हवं, नाहीतर पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून फोर हाय टाकलीत की पुन्हा तोच त्रास.